बकुळीखालची झाडलोट

"कुमुद, खरं सांग. मोहितेबाईंच्या झाडाखाली रोज तू झाडतीयास का?"

हौसाअक्का माझ्या शिलाई मशीनसमोर उभ्या होत्या. हातात ब्लाउजपीस नव्हता, मापाचा जुना ब्लाउज नव्हता, पायात चपलासुद्धा नव्हत्या. माघातल्या थंडीत ही बाई अनवाणी तरातरा चालत आली होती.

"मी कशाला झाडेन?" मी म्हटलं. "रविवारी सगळ्यांबरोबर झाडते तेवढं पुरे झालं. रोज उठून झाडायला मला दुसरे उद्योग नाहीत का?"

"मग कोन झाडतंय?"

"वाऱ्यानं उडाला असेल पाचोळा."

"वारा ढीग करतो व्हय? आन ढिगावर दगड ठेवतो?"

माझा पाय मशीनच्या पायट्यावरच थांबला. पाचोळ्याच्या ढिगावर दगड ठेवणारा माणूस आमच्या कॉलनीत एकच होता, आणि त्याला जाऊन अर्धं वर्ष होत आलं होतं. तो माणूस म्हणजे अक्कांचे यजमान, बळवंतअण्णा.

आमची कॉलनी मिरजेच्या बाहेरच्या अंगाला. मधोमध एक मोठी मोकळी जागा सोडलेली. नकाशात तिथं बाग होती. प्रत्यक्षात फुटके कमोड, विटांचे तुकडे आणि घराघरातून रात्रीच्या अंधारात गुपचूप फेकलेला कचरा. साखर कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले अण्णा एका सकाळी खराटा घेऊन तिथं उतरले आणि कुणालाही न बोलावता झाडायला लागले. त्यांना लाजून आधी आम्ही बायका गेलो, मग पुरुष आले. त्यातून आमचं रविवार मंडळ उभं राहिलं. शिरीषाची जुनी झाडं होती ती राखली, नवी लावली, पाण्याची टाकी बांधली, खताचा खड्डा काढला, अवजारांसाठी एक खोली बांधली. खोलीची किल्ली माझ्याकडे, कारण माझं घर मैदानाला लागून आणि माझ्या हातून वस्तू हरवत नाहीत.

अण्णा डावखुरे. त्यात कारखान्यात उसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडून नडगीत स्टीलची पट्टी बसवलेली, त्यामुळे चालणं लंगडत. त्यांच्या झाडण्याची लयच वेगळी होती. दोन लांब फटकारे, मग पाय ओढून घ्यायला थोडी उसंत, मग एक आखूड फटकारा. ढीग नेहमी डाव्या हाताला, आणि वाऱ्यानं विस्कटू नये म्हणून वर एक दगड. आधी घरचं अंगण, मग मैदान. अण्णांनी अंगण झाडून सडा मारला की अक्का रांगोळीचा डबा घेऊन बाहेर यायच्या, आणि ठिपके मांडता मांडता दोघांचं भांडण सुरू व्हायचं. आम्हा शेजाऱ्यांना गजर लावावा लागत नसे. आता त्या दारातून आवाज येत नव्हता. वर्षभराचा दुखवटा म्हणून अक्कांनी रांगोळीचा डबा माळ्यावर टाकला होता.

मंडळाची आणखी एक रीत होती. रक्षा नदीत सोडायची नाही. कॉलनीत कुणी गेलं की तिसऱ्या दिवशी सावडून आणलेली रक्षा मैदानात खड्डा काढून त्यात ठेवायची आणि वर त्या माणसाच्या नावानं झाड लावायचं. प्लॅस्टिकला अण्णांची सक्त बंदी. त्यासाठी मांजरपाटाच्या पिशव्या मी शिवून देत असे, सगळ्या एकाच मापाच्या. पिशवी न उघडता तशीच खड्ड्यात जायची. सुरुवातीला पिशवीवर नाव काढायला मी दोरा ओवला, तर अण्णा म्हणाले होते, "कुमुद, मेल्यावर कसलं नाव काढतेस? तिथं सगळे सारखेच."

श्रावणात कॉलनीतली दोन माणसं एकाच दिवशी गेली. सकाळी मोहितेबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, बरेच महिने अंथरुणाला खिळलेल्या. आणि दुपारी अण्णा, जेवून उठता उठता. तिसऱ्या दिवशी भर पावसात दोन झाडं लागली. अण्णांचा बहावा अक्कांच्या कुंपणाजवळ. बाईंची बकूळ पार दुसऱ्या टोकाला, टाकीपाशी.

"आणि बहाव्याखाली?" मी अक्कांना विचारलं. "तिथंही झाडलेलं आहे का?"

"तिथं वीतभर पाचोळा पडलाय," अक्का म्हणाल्या. "तिकडं कोन झाडायला फिरकत न्हाई."

हे बोलताना त्यांचा चेहरा असा झाला की ही बाई अनवाणी का धावत आली ते मला कळलं.

मी मशीनवर कापड टाकलं आणि त्यांच्याबरोबर मैदानात गेले. ऊन वर यायचं होतं. शिरीषांची पानं झडून गेली होती आणि वाळक्या शेंगा फांद्यांवर लोंबत होत्या. जरा वारा आला की त्या खुळखुळायच्या, एरवी त्या आवाजाकडे माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. सगळ्या मैदानावर पिवळी बारीक पानं पसरली होती. बकुळीपुढची जागा तेवढी स्वच्छ होती.

ते झाडणं विचित्रच होतं. झाडाची निगा राखणारा माणूस आळ्याभोवती गोल झाडतो. इथं बकुळीच्या पुढ्यात एक लांबट चौकोन झाडलेला होता, आखल्यासारखा. चौकोनाच्या एका बाजूला हातभर जागा सोडून खराटा तिच्याभोवती वळसा घालून गेला होता. त्या जागेवर काहीच नव्हतं. नुसता पाचोळा. तरीही खराट्याच्या रेघा तिथं अडून, वळून पुढं गेल्या होत्या. डाव्या कडेला ढीग, ढिगावर दगड. आणि मातीत रेघांशिवाय काही नाही. पावलाचा एक ठसा नाही.

"झाडत झाडत मागं गेलं की पावलं पुसली जातात," मी म्हटलं. माझाच आवाज मला उगाच मोठा वाटला.

"व्हय. आन मग शेवटची पावलं कुटं हायत?"

मी कंबरेची किल्ली काढली आणि अवजारांची खोली उघडली. कुलूप जागेवर, कडी जागेवर. आत कोपऱ्यात अण्णांचा खराटा उभा होता. त्याच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली आणि टोकं एका बाजूनं झिजलेली, त्यामुळे उजव्या हाताच्या माणसाला तो वापरताच यायचा नाही. श्रावणापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. मी तो उचलला. टोकं दवानं ओली होती आणि काड्यांमध्ये शिरीषाची पिवळी पानं अडकलेली होती.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. लिंबू-मिरची दिसली तर उचलून ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकणारी आहे. पण तो खराटा मी होता तसा कोपऱ्यात ठेवला आणि पाठ न करता खोलीतून बाहेर आले.

पुढच्या रविवारपर्यंत गोष्ट कॉलनीभर झाली. सकाळी सगळे घमेली घेऊन जमले, पण बकुळीजवळ जायला कुणी तयार होईना. शालन गायकवाडची जीभ मात्र कधीच कुठं जायला घाबरत नाही.

"वहिनी, मी काही म्हणत नाही," ती माझ्या कानाशी लागून, पण दहा जणांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "पण अण्णा आणि मोहितेबाई त्या खताच्या खड्ड्यापाशी तासन् तास बोलत बसायचे की नाही? माणूस जातो, ओढ कुठं जाते?"

"शालन," मी म्हटलं, "कुजलेल्या शेणाच्या वासात प्रेम जमवणारी माणसं मला अजून बघायची आहेत. तू कुदळ घे आणि ते गवत काढ."

चार जण हसले. शालननं कुदळ घेतली. मी वळून पाहिलं तर मागं अक्का उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या हातातलं घमेलं खाली ठेवून घरी निघून गेल्या. मला शालनचा इतका राग आला की दिवसभर माझी शिवण तिरकी जात राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे दार वाजलं. मी उघडलं तर अक्का, डोक्यावरून शाल घेतलेल्या.

"तुझ्या मागच्या खिडकीतनं मैदान दिसतं," त्या म्हणाल्या. "मला बसू दे."

मी चहा टाकला. आम्ही दोघी मागच्या खोलीत खिडकी उघडून बसलो. दिसायला काही नव्हतंच. उजाडू लागलं होतं, पण धुकं असं दाट की समोरचा शिरीषसुद्धा अर्धाच दिसत होता. शेंगा खुळखुळत होत्या. चहा निवत आला, अक्कांनी तोंडालाही लावला नाही.

मग शेंगांचा आवाज थांबला. आणि टाकीच्या बाजूनं ऐकू आलं.

सर्र. सर्र. मग काहीच नाही. मग एक आखूड, सर्.

मी अक्कांचा हात धरला. तो थंडगार होता. त्या मान कलती करून ऐकत होत्या. सर्र. सर्र. मधली ती उसंत. सर्.

"पाय दुखतोय त्यांचा," अक्का पुटपुटल्या. "थंडीत असंच व्हायचं. उसंत लांबती बघ."

"अक्का, कुणीतरी नक्कल करतंय. चला, बघू कोण आहे ते."

मी बॅटरी घेतली, मागचं दार उघडलं आणि मुद्दाम जोरात पाय आपटत गेले. अक्का मागून आल्या. धुक्यात शिरलो तसा आवाज अगदी जवळ आला, चार पावलांवर आल्यासारखा, आणि थांबला. समोर बकूळ होती. तिच्यापुढचा चौकोन नुकताच झाडलेला. ओली माती उलटून काळी दिसत होती, ढिगातली वरची पानं अजून एकमेकांवरून घसरत होती. आणि दगड ढिगावर नव्हता. शेजारी जमिनीवर होता. आम्ही जरा लवकर आलो होतो.

मी बॅटरी सगळीकडे फिरवली. कुणी नव्हतं. खोलीला कुलूप होतं.

अक्का खाली वाकल्या, दगड उचलला आणि ढिगावर ठेवला. मग तिथंच उभ्या राहून त्या धुक्याकडे बघत बोलल्या. मला वाटलं होतं, रडतील. त्या भांडल्या.

"उभा जनम तुमचं केलं. तुमच्या पायाला तेल लावून लावून माझी बोटं वाकडी झाली. आन मेल्यावर तुमी हितं येता? माझ्या दारात न्हाई, हितं?"

शेंगा पुन्हा खुळखुळू लागल्या.

घरी परतताना त्यांनी मला सांगून टाकलं, "कुमुद, तो बहावा उपट. हितं बाईंच्या शेजारी लाव. जीव जिथं अडकलाय तिथं राहू दे त्यांना. माझ्या कुंपनाला नको. मी पुन्याला लेकाकडं जाते, कायमची."

"अक्का, असं डोक्यात राख घालून..."

"राख कुटं ऱ्हायलीया आता डोक्यात घालायला? ती बी तुमी मातीत पुरली."

मी पुष्कळ समजावलं. अण्णा कसे होते ते मी त्यांना सांगत होते, म्हणजे कहरच. पण बाई ऐकेना. त्यांना अण्णांच्या जाण्याचं दुःख पचलं होतं. हे पचत नव्हतं. सगळा संसारच मागं वळून तपासायला लागल्या होत्या त्या. अमक्या दिवशी उशिरा का आले, तमक्या दिवाळीला बाईंच्या घरी फराळ पोचवायची एवढी घाई कशाला. जी माणसं आता उत्तर देऊ शकत नव्हती त्यांना त्या रोज प्रश्न विचारत होत्या. चार दिवसांत त्यांचा चेहरा ओढल्यासारखा झाला. शेवटी मी हो म्हटलं. म्हटलं, झाड हलवून या बाईला झोप लागत असेल तर हलवू.

मंडळाला न सांगता, आडवारी सकाळी आम्ही दोघी कुदळ आणि पहार घेऊन बकुळीपाशी गेलो. आधी इथं खड्डा काढायचा, मग बहावा मातीच्या गड्ड्यासकट आणून लावायचा. मी म्हटलं, बकुळीपासून लांब काढू, मुळांना धक्का नको. अक्का म्हणाल्या, "लांब कशाला? चिकटून काढ. त्यांना लांब ऱ्हायचं न्हाई." आणि माझ्या हातातून पहार घेऊन स्वतःच खणायला लागल्या. त्या वयात काय जोर होता अंगात. प्रत्येक घावाबरोबर तोंडानं काहीतरी पुटपुटत होत्या, आणि ते ऐकू न येईल इतकी लांब मी उभी राहिले.

खड्डा गुडघाभर झाला असेल. पहार कशावर तरी आपटली. दगडाचा आवाज नव्हता. किणकिणता होता.

"अक्का, थांबा. बाईंची पिशवी असेल तिथं. पहार नका मारू."

मी खड्ड्यात उतरून हातानं माती बाजूला केली. मांजरपाटाच्या कुजलेल्या चिंध्या वर आल्या. कापड माझं होतं, कडेची दुहेरी टीप माझी होती. तिच्या खालच्या काळपट मातीतून मी एक धातूचा तुकडा ओढून काढला. वीतभर लांब, चपटा, भोकं पाडलेला. भोकांत स्क्रू. पदरानं पुसला तशी ती पट्टी चकाकली.

अक्कांनी ती माझ्या हातातून घेतली. उलटी केली, सुलटी केली. बोटानं एकेक भोक चाचपत गेल्या आणि शेवटून दुसऱ्या भोकापाशी थांबल्या. ते रिकामं होतं.

ते रिकामं भोक कॉलनीतल्या सगळ्यांना माहीत होतं. अण्णांच्या पायाचा एक्स-रे कितीतरी वर्षं त्यांच्या खिडकीला लावलेला होता. हाड ठिसूळ म्हणून डॉक्टरांना तिथं स्क्रू बसवता आला नव्हता. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे आणि म्हणायचे, "माझा एक स्क्रू कमी आहे, हे डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"ही मीच ठेवायला सांगितली हुती," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज कुठून तरी लांबून आल्यासारखा होता. "सावडताना लेक बाजूला काढत हुता. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे, त्यांच्या अंगाचं हाय. त्यांच्याबरोबर जाऊ दे."

मग मला तो श्रावणातला दिवस आठवला. सावडून आणलेल्या दोन्ही पिशव्या पाऊस म्हणून अवजारांच्या खोलीत फळीवर ठेवल्या होत्या. एकाच कापडाच्या, एकाच मापाच्या, कुणावरही नाव नाही. बाईंचा भाचा सोलापूरहून आला होता, त्याला एसटी गाठायची घाई. त्यानं हाताला लागली ती पिशवी उचलली आणि टाकीकडे पळाला. अक्कांच्या लेकानं उरली ती घेतली. अक्का तर घरातच होत्या.

"मेल्यावर कसलं नाव," मी म्हटलं, आणि मला हसू आलं. ते हसू कसलं होतं देव जाणे. "अक्का, अण्णा स्वतःच्याच नियमात सापडले. अण्णा इथं आहेत. बाई तिकडं, तुमच्या कुंपणाशी. सहा महिने तुम्ही बाईंना पाणी घालताय."

अक्का खड्ड्याच्या काठावर मटकन बसल्या. पट्टी मांडीवर घेतली. मला वाटलं, आता सुटली बाई. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या पहाटे झाडलेल्या चौकोनाकडे बघत होत्या. बघता बघता त्यांचं तोंड उघडं पडलं.

"कुमुद," त्या म्हणाल्या. "ही पायरी."

"कुठली पायरी?"

त्या उठल्या. पायरीवरून उतरल्यासारख्या बकुळीच्या आळ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि चौकोनाच्या कडेनं चालू लागल्या. जिथं खराटा वळसा घालून गेला होता, त्या रिकाम्या हातभर जागेपाशी थांबल्या. "ही तुळस." मग डाव्या हाताच्या ढिगाशी गेल्या. "आन हे फाटक. फाटकापाशीच ढीग करायचे ते." त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "हे माझं अंगन हाय गं."

मी अक्कांचं अंगण डोळ्यांसमोर आणलं. फाटकातून आत गेलं की समोर दाराची पायरी, एका बाजूला तुळशीचा कट्टा. लांबी तीच, रुंदी तीच. इतके दिवस हा चौकोन बघत होते आणि मला काही म्हणजे काही सुचलं नव्हतं.

"रोज झाडून ठेवत्यात," अक्का म्हणाल्या. "ह्या थंडीत, असला पाय घेऊन. श्रावनापासनं रोज अंगन झाडून वाट बघत्यात, आन मी मेली रांगोळी घालायला आलेच न्हाई."

आता त्या रडल्या. आणि मीही रडले, मला सांगायला लाज वाटत नाही.

जरा वेळानं त्या डोळे पुसून घराकडे निघाल्या. मी म्हटलं, "अक्का, वर्ष सरायचं आहे अजून. लोक काय म्हणतील?"

"वरीस मी पाळतीया. त्यास्नी कुनी सांगितलंय?"

परत आल्या त्या रांगोळीचा डबा आणि तांब्या घेऊन. मी खड्डा बुजवला, पट्टी होती तशी आत ठेवून. अक्कांनी पाणी शिंपडलं, फतकल मारून बसल्या आणि ठिपके मांडायला लागल्या. बोटं वाकडी झाली होती, पण ठिपका जागेवर पडत होता. मांडता मांडता भांडण सुरू झालं. सांगता येत न्हवतं का, दुसऱ्याच्या नावाखाली गप पडून ऱ्हायला लाज न्हाई वाटली, तुळशीभवती नेहमीसारखा कचरा ठेवलाय. एकटीच बोलत होत्या, पण मध्ये मध्ये थांबत होत्या, समोरच्याला बोलू द्यायला थांबतो तशा. शिरीषावर शेंगांचे घोस लोंबत होते. वारा होता, माझा पदर हलत होता. शेंगा हलत नव्हत्या.

दुसऱ्या सकाळी मी आधी टाकीकडे गेले. रांगोळी नव्हती. चौकोन लख्ख झाडलेला, तुळशीची जागा सोडून. ढिगात पानांबरोबर पांढरी, लाल रांगोळी मिसळलेली होती, आणि वर दगड. रोज असंच असायचं त्यांच्या दारात. कालची झाडून टाकायची, आजच्याला जागा करून द्यायची.

अक्का डबा घेऊन आल्याच होत्या. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "घाई बघ मानसाची."

पुण्याचं नाव पुन्हा निघालं नाही. बहाव्याला त्या पाणी घालत राहिल्या. म्हणायच्या, बाई एकट्या होत्या, आता माझ्या कुंपणाला सोबत झाली. शालननं एकदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर अक्कांनी तिच्याच हातात रंगाची वाटी दिली आणि पाकळ्या भरायला बसवलं. मंडळानं ती जागा अक्कांची म्हणून सोडून दिली. आपल्याला ऐकू आलेल्या गोष्टी मोठ्यानं सांगायच्या नाहीत, हेही आपोआप ठरलं. पिशव्यांवर मात्र मी लाल दोऱ्यानं नावं काढायला लागले.

बरीच वर्षं गेली. बकुळीला फुलं आली, बहावा दर उन्हाळ्यात पिवळाधमक होऊ लागला. अक्का थकल्या. काठी आली, मग दुसऱ्या कुणाचा तरी हात धरणं आलं, पण सकाळची फेरी चुकली नाही. पुढं पुढं पाचच ठिपके मांडायच्या. एका हिवाळ्यात त्यांना ताप आला आणि चार दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत. मी जेवणाचा डबा देऊन यायची. घरच्या अंगणात शेजारच्या शिरीषाचा पाचोळा साचला होता. मी म्हटलं, झाडून देते. तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तू उजव्या हातानं झाडतीस, मला बघवत न्हाई."

पाचव्या दिवशी सकाळी मी झाडांना पाणी घालायला नळी ओढत टाकीपाशी गेले. धुकं होतं. बकुळीपुढं पोचले आणि उभी राहिले.

झाडलेलं नव्हतं.

सगळीकडे होता तसाच तिथं पाचोळा पडला होता. पिवळी पानं, दोन-चार शेंगा, दगड एका बाजूला. इतक्या वर्षांत त्या मातीवर सकाळी पान पाहिलं नव्हतं मी. मी खोलीकडे गेले. कुलूप होतं तसं होतं. उघडलं. कोपरा रिकामा होता.

हातातली नळी तशीच टाकून मी अक्कांच्या घराकडे पळाले. पाणी मागं वाहत राहिलं. फाटक नुसतं लोटलेलं होतं. ते ढकललं आणि पुढं पाऊल टाकायचं ते टाकवेना.

अंगण झाडलेलं होतं. पायरीपासून फाटकापर्यंत, तुळशीला वळसा घालून. ओली माती काळी दिसत होती. माझ्या पायाशी, फाटकाच्या डाव्या हाताला, पाचोळ्याचा ढीग होता आणि त्यावर दगड. दाराशेजारी भिंतीला खराटा टेकवून ठेवला होता, मुठीला ट्यूब गुंडाळलेला. काम संपलं की ठेवतात तसा.

दार आतून बंद होतं, आत कसलीही चाहूल नव्हती. मी कडी वाजवली नाही. झाडलेल्या मातीवर पाय पडू नये म्हणून कडेकडेनं गेले आणि पायरीवर बसून राहिले.